काळ्या रेघांतली वाट

आंबोली नकाशावर नीट पाहायची तर एका पत्रकावर भागत नाही. सर्व्हे ऑफ इंडियाची एकास पन्नास हजार प्रमाणाची चार पत्रके टेबलावर जुळवून मांडावी लागतात. १६ अंश उत्तर अक्षांश आणि ७४ अंश पूर्व रेखांश एकमेकांना छेदतात तो बिंदू गावापासून चार-पाच किलोमीटरांवर रानात पडतो, आणि पत्रके कापलेली आहेत ती नेमकी याच दोन रेषांवर. सावंतवाडी आणि घाटाची वळणे ४८ ई/१३ वर, चौकुळ ४८ आय/१ वर, आजरा ४७ एल/४ वर आणि मनोहरगड ४७ एच/१६ वर. इथल्या दमट हवेत कागद मऊ पडतो, कडा वर वळतात. एका कोपऱ्यावर चहाचा पेला, दुसऱ्यावर विजेरी ठेवल्याशिवाय ती सपाट बसत नाहीत. बसली की मात्र दृश्य बघण्यासारखे असते. पश्चिमेकडून विरळ विरळ येणाऱ्या तपकिरी रेषा एकाएकी गर्दी करतात, कड्यापाशी एकमेकींत मिसळून जाड पट्टा होतात आणि पठारावर पुन्हा सुट्या होतात.

हा पट्टा मुळात कोणासाठी काढला? पर्यटकासाठी नाही, शेतकऱ्यासाठी तर नाहीच. जमिनीचा उंचसखलपणा कागदावर उतरवण्याच्या ज्या रीती जगात रूढ झाल्या त्यांतल्या बऱ्याचशा सैन्याच्या गरजेतून आल्या, आणि त्यांची कसून परीक्षा झाली ती युद्धाच्या खेळात. नकाशावर लढाई खेळायची तर डोंगर नुसता डौलदार दिसून चालत नाही. तोफ इथून वर चढेल का, घोडदळाला किती वेळ लागेल, टेकाडामागची तुकडी समोरच्याला दिसेल का, असे प्रश्न खेळणारा विचारतो आणि नकाशाला उत्तर द्यावे लागते. उत्तर चुकले तर कागदावरची पलटण मरते, रक्त सांडत नाही. त्यामुळे चूक लवकर कळते आणि कबूलही करता येते. या खेळाची हकीकत आंबोलीच्या टेबलावरून सांगण्याचे कारण इतकेच, की सह्याद्रीचा हा कडा त्या सगळ्या रीतींना कोड्यात टाकतो.

घाटाखाली सावंतवाडीत गंजिफाचे गोल पत्ते अजून हाताने रंगवले जातात. गंजिफात राजा आहे, प्रधान आहे; जमीन नाही. बुद्धिबळात हत्ती, घोडे, उंट, प्यादी असे अख्खे सैन्य आहे, पण पट सपाट. उंट बिचारा या टोकापासून त्या टोकापर्यंत तिरका धावतो तो वाटेत घाट नाही म्हणून. जर्मनीतल्या ब्रन्सविकच्या हेलविग नावाच्या शिक्षकाला ही उणीव खटकली. १७८० मध्ये त्याने बुद्धिबळाचा पट मोठा केला आणि घरांना रंग दिले: तांबडे घर म्हणजे डोंगर, हिरवे म्हणजे दलदल, निळे म्हणजे पाणी. पुढे १७९७ मध्ये व्हेंटुरिनीने ३६०० घरांचा पट केला आणि कल्पनेतला मुलूख सोडून फ्रान्स-बेल्जियमच्या सरहद्दीचा खरा प्रदेश त्यावर मांडला. पण घर ते घरच. एका चौकोनात एकच गुण मावतो. डोंगर म्हटले की तो चौकोन चारही अंगांनी डोंगर. एका बाजूने बैलगाडी चढते आणि दुसऱ्या बाजूने माकडही उतरत नाही, असा आंबोलीसारखा डोंगर त्यात बसत नाही.

प्रशियाच्या राइसवित्झ बाप-लेकांनी चौकोन मोडला. थोरल्याने आधी वाळूच्या पेटीत खेळ मांडला. तो राजपुत्रांना आवडला, राजाने पाहायला मागितला. वाळूची पेटी राजापुढे कशी न्यायची म्हणून १८१२ मध्ये त्याने खण असलेले एक मोठे टेबल बनवून घेतले. वर मांडायला प्लास्टरचे रंगवलेले चौकोनी तुकडे; कशावर नदीचे वळण, कशावर टेकडी, कशावर रस्ता. हवा तो मुलूख जुळवावा आणि लढावे. ते टेबल बर्लिनच्या शार्लोटेनबुर्ग राजवाड्यात आहे. वस्तू देखणी, पण राजवाड्याबाहेर तिचा उपयोग नाही. तोफखान्यातल्या धाकट्या राइसवित्झने १८२४ मध्ये टेबल बाजूला सारले आणि एकास आठ हजार प्रमाणाचा खरा लष्करी नकाशा पसरला. एक डाव म्हणजे दोन मिनिटांचा काळ. दोन्ही पक्षांनी हुकूम लिहून पंचाकडे द्यायचे. शत्रूचे जेवढे खरोखर दिसले असते तेवढेच पंच दाखवणार. फासा होता, पण जमिनीचा निवाडा फाशाकडे नव्हता, नकाशाकडे होता.

प्रशियाच्या सेनापती-कार्यालयाचा प्रमुख म्यूफ्लिंग याने हा खेळ पाहिला, सुरुवातीच्या थंडपणावरून एकदम उत्साहावर आला आणि सैन्यात त्याची शिफारस केली. ही गोष्ट खेळाच्या इतिहासात हमखास सांगतात. कमी सांगितली जाते ती दुसरी गोष्ट: डोंगर कसा काढावा याबद्दल म्यूफ्लिंगची स्वतःची रीत होती. नकाशातला उतार वाचण्याच्या अडचणीशी झगडलेल्या माणसाला या खेळाचे महत्त्व लगेच कळावे, यात आम्हाला नवल वाटत नाही.

त्या अडचणीचे मूळ लेहमान या सॅक्सन अधिकाऱ्याच्या १७९९ च्या पद्धतीत आहे. त्याआधी नकाशावर डोंगर म्हणजे वारुळासारखे उंचवटे, बाजूने पाहिल्यासारखे. आपल्या मराठी रीतीच्या जुन्या नकाशांतही नदी वरून पाहिलेली आणि डोंगर समोरून पाहिलेला, असा मेळ असतो. वाटसरूला त्याने अडत नाही. कोणता डोंगर डाव्या हाताला ठेवायचा हे कळले की झाले. तोफखान्याला मात्र अंश हवे होते. लेहमानने कल्पना केली की सूर्य अगदी डोक्यावर आहे. सपाट जमीन सगळा उजेड परत देते, म्हणून ती पांढरी. उतार जसा वाढेल तसा उजेड कमी, म्हणून काळ्या रेघा जाड. रेघा उताराच्या दिशेने ओढायच्या, पाणी जसे वाहील तशा. दर ५ अंशांना हिशेब ठरलेला: ५ अंशांच्या उताराला काळ्याचा एक भाग आणि पांढऱ्याचे आठ, १० अंशांना दोन आणि सात, असे करत ४५ अंशांना नऊच्या नऊ भाग काळे. या रेघांना हॅश्यूर म्हणतात. ४५ अंशांच्या पुढे काय? काहीच नाही. त्याहून उभ्या जागी सैन्य हालचाल करू शकत नाही, तेव्हा भेद दाखवण्याचे कारण उरत नाही. ५० अंश काय आणि ९० अंश काय, काळे ते काळे. रेघेची जाडी डोळ्यांनी मोजणे कठीण जाते, यावर म्यूफ्लिंगने उपाय काढला तो असा की प्रत्येक उताराला रेघेची जातच वेगळी द्यावी: कुठे तुटक, कुठे सलग, कुठे नागमोडी.

आता ही पद्धत आंबोलीवर लावून पाहा. महादेवगडाच्या टोकापासून नारायणगडाकडे आणि पुढे कावळेसादपर्यंत कड्याची अख्खी धार काळी होईल. कागदावर जणू एक लांबलचक केसाळ कुसरूड पहुडलेले. त्याच्या पूर्वेला सडा पांढरा. पश्चिमेला दाणोली-सावंतवाडीकडची भातखाचरे, तीही पांढरीच. एक पांढरे समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटरांवर आणि दुसरे पायथ्याशी, पण रेघांची पद्धत उतार सांगते, उंची सांगत नाही. वर कोणते आणि खाली कोणते हे ओहोळ कुठून कुठे जातात ते पाहून ताडायचे. हिरण्यकेशी इथे उगम पावून समुद्राकडे पाठ फिरवते आणि पूर्वेला जाते, ती वाट धरून गेलात तर कळते. खेळाडूला तेवढी सवड नसते; त्याचा दोन मिनिटांचा डाव चालू असतो.

लष्करी नकाशांच्या या युरोपी गोष्टीत कोकण अगदीच प्रेक्षक नाही. मुंबई इंजिनियर्सचा अधिकारी थॉमस बेस्ट जर्व्हिस याने १८१९ पासून दक्षिण कोकणची मोजणी केली. त्याचा भाऊ जॉर्ज सुरुवातीच्या मराठी गणिती पाठ्यपुस्तकांमुळे आपल्याला माहीत असतो. थॉमसला मात्र आपण विसरलो. त्याच्या कोकणातल्या त्रिकोणमापनाच्या अचूकपणाबद्दल हिंदुस्थानच्या मोजणीचा प्रमुख जॉर्ज एव्हरेस्ट याचे मत वाईट होते. १८३७ मध्ये कंपनीच्या संचालकांनी एव्हरेस्टच्या जागी पुढे जर्व्हिसला नेमायचे ठरवले तेव्हा एव्हरेस्टचा पारा चढला आणि १८३९ मध्ये त्याने रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांना उद्देशून लिहिलेल्या तिखट पत्रांचे पुस्तकच काढले. जर्व्हिसला ती जागा मिळाली नाही. तो आधीच विलायतेला परतला होता. १८५४ मध्ये इंग्लंड क्रिमियाच्या युद्धात उतरले आणि इंग्रज सैन्याजवळ त्या मुलखाचा धड नकाशा नाही हे उघड झाले. जर्व्हिसने बेल्जियममध्ये रशियन सैन्याच्या नकाशाची प्रत मिळवली आणि ती छापून सैन्याला दिली. १८५५ मध्ये लंडनच्या युद्धखात्यात नकाशांचा आणि माहितीचा स्वतंत्र विभाग उघडला गेला, त्याचा पहिला प्रमुख जर्व्हिस. ब्रिटिश लष्करी हेरखात्याची सुरुवात तिथून धरतात. एव्हरेस्टचा आक्षेप गणिती कसोटीवर योग्यही असेल. पण लढाईच्या नकाशाला काय लागते हे ज्याला क्रिमियाच्या युद्धात वेळेवर सुचले, तो माणूस ऐन उमेदीत कोकणातल्या वाटा तुडवत होता, ही नोंद आपल्याकडे असायला हवी.

इंग्रज सैन्याने प्रशियाचा खेळ उचलला तो आणखी पुढे, प्रशियाने फ्रान्सला हरवल्यावर. त्याचे इंग्रजी नियम १८७२ मध्ये एव्हलिन बेअरिंग या अधिकाऱ्याने तयार केले, आणि त्याच वर्षी तो व्हाइसरॉय नॉर्थब्रुकचा खासगी सचिव म्हणून हिंदुस्थानात आला. पुढे इजिप्तवर राज्य करणारा लॉर्ड क्रोमर तो हाच.

जर्व्हिस इथून गेल्यानंतर थोड्याच वर्षांत काळ्या पट्ट्याची परीक्षा आंबोलीच्या उत्तरेला झाली, आणि ती खेळात नव्हती. १८४४ मध्ये कोल्हापूर संस्थानातल्या गडकऱ्यांनी उठाव केला. सामानगड इंग्रजांनी ऑक्टोबरमध्ये घेतला, पण उठाव घाट उतरून सावंतवाडीत पोहोचला होता. फोंड सावंत आणि त्याच्या साथीदारांनी मनोहर आणि मनसंतोष या जोडगडांचा आसरा घेतला. जनरल डेलामोट आणि कर्नल आउट्रम यांच्या फौजा जंगलातून पुढे सरकल्या. जानेवारी १८४५ मध्ये गड हाती आले, पण उठावाचे म्होरके हाती आले नाहीत. ते निसटून गोव्याच्या हद्दीत गेले आणि पोर्तुगीजांशी लिखापढी करण्याची पाळी इंग्रजांवर आली.

घेराव घालणारा सेनापती नकाशावर काळा पट्टा पाहतो आणि ती बाजू बंद आहे असे धरतो. तोफा, बैल आणि बूट घातलेली पलटण यांच्या हिशेबाने ती बंदच असते. लेहमानची मोजपट्टी सैन्याच्या पायांची होती. गवळ्या-धनगराच्या, मध काढणाऱ्याच्या पायांची नव्हती. या माणसांची भाषा पाहिली की फरक समजतो. डोंगर म्हणून एकच गोष्ट त्यांच्याजवळ नाही. सोंड वेगळी, धार वेगळी. खिंडीतून गाडी जाते, नाळेतून माणूस उतरतो, निसणीवर हातपाय दोन्ही लागतात. व्हाळ उन्हाळ्यात वाट असतो आणि आषाढात मरण. यांतला प्रत्येक शब्द कोण, कशाने आणि कधी जाऊ शकेल हे एकदम सांगतो. प्रशियाच्या पंचाला त्यासाठी कोष्टके चाळावी लागत. हॅश्यूरच्या नकाशात नाळ आणि तिच्या दोन्ही बाजूंचे कातळ एकाच शाईत बुडतात.

मराठी राज्यकर्त्यांनी हे ज्ञान रेघांत मांडले नाही, पण मांडलेच नाही असे म्हणणे चूक ठरेल. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दुर्गांचे प्रकरण आहे, ते एखाद्या खेळाच्या नियमपुस्तकासारखे वाचता येते. गडासमोर तोफेच्या टप्प्यात दुसरा डोंगर नसावा. असलाच तर सुरुंग लावून तो खाली आणावा, ते न साधले तर तोही बांधून घ्यावा. एकच दरवाजा हा गडाचा दोष, म्हणून दोन-तीन दरवाजे आणि चोरदिंड्या ठेवाव्यात. येण्याच्या वाटा सोप्या नसाव्यात, भोवतीची झाडी राखावी. कोण कोणाला पाहू शकतो, कोण किती वेळात पोहोचतो, बाहेर पडायला वाट कुठे: राइसवित्झच्या खेळातले तिन्ही प्रश्न यात आहेत, प्रशियाच्या शंभर वर्षे आधी. उणीव आहे ती एकच. हे शहाणपण ज्याने गड पाहिला त्याच्याच उपयोगी पडते. नकाशा न पाहिलेल्या माणसाला पाहिल्यासारखे करून देतो.

अर्थात नकाशा हातात नसतानाही जमीन वाचणारे असतात. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईजवळ इंग्रज सेनापती वेलस्लीपुढे कैलना नदी होती आणि पलीकडे शिंदे-भोसल्यांची फौज. वाटाड्यांनी सांगितले, इथे उतार नाही. वेलस्लीने पाहिले की नदीच्या दोन काठांवर दोन गावे समोरासमोर आहेत. माणसे अशी समोरासमोर राहतात ती ये-जा असल्याशिवाय नाही, असे त्याने धरले, आणि उतार सापडला. असईची लढाई जगभरच्या हौशी खेळाडूंच्या टेबलांवर आजही लढली जाते. त्यांच्या नकाशांवर तो उतार ठळक छापलेला असतो, त्यामुळे मराठ्यांकडून खेळणाराही तिथे दोन तोफा आधीच नेऊन ठेवतो. मग त्या लढाईत उरते काय? खेळाच्या नकाशाची ही मोठी गोची आहे. अचूक नकाशा खेळाडूला सेनापतीपेक्षा शहाणा करून टाकतो. राइसवित्झचा पंच म्हणूनच लागतो. जमिनीतले काही त्याने मुठीत झाकून ठेवायचे असते.

हौशी खेळांनी पुढे वेगळीच वाट धरली. १९६१ पासून अमेरिकेतल्या अॅव्हलॉन हिल कंपनीने पटावर षटकोनी घरे आणली आणि चौकोनाची तिरक्या चालीतली लबाडी गेली. एका घरात एक गुण ही हेलविगची अडचण मात्र परत आली. तिच्यावर चांगली तोड निघाली: नदी किंवा कडा घराच्या आत न काढता दोन घरांमधल्या सीमेवर काढायचा. आंबोलीला हे चपखल बसते. सडा एका घरात, पायथ्याचे रान शेजारच्या घरात, आणि दोघांमध्ये एक जाड रेघ. तिच्यावरून कोणी जायचे आणि किती चाली मोजायच्या, हे नियमात.

सरकारी नकाशांत हॅश्यूरची सद्दी हळूहळू संपली. समुद्राच्या आणि नद्यांच्या तळाची खोली दाखवायला समान खोलीच्या रेषा अठराव्या शतकात वापरात होत्याच. त्या डोंगरावर चढल्या तेव्हा समोच्च रेषा झाल्या. आपल्याकडे १९०५ च्या समितीनंतर सर्व्हे ऑफ इंडियाने रंगीत, समोच्च रेषांचे नवे नकाशे हाती घेतले. आताच्या पन्नास हजारी पत्रकावर २० मीटरांना एक रेषा आणि दर पाचवी रेषा जाड. समुद्रकाठापासून आंबोलीपर्यंत अशा ३४ रेषा चढाव्या लागतात. उंची कळली, उतारही मोजता येऊ लागला: ४५ अंशांच्या चढावर दोन रेषांत ०.४ मिलिमीटर अंतर राहते, त्याहून उभ्या कड्यावर त्या एकमेकींवर चढतात. पण दोन रेषांच्या मधले नकाशाला दिसत नाही. २० मीटर म्हणजे सहा मजली घर. पंधरा मीटरांचा कातळ, दहा मीटरांची घळ दोन रेषांच्या फटीत सहज दडते, आणि तोफ अडवायला किंवा माणूस लपायला तेवढे पुष्कळ झाले.

उंची डोळ्यांना भिडावी म्हणून मग मातीचे मॉडेल करतात. लष्करात वाळूचे मॉडेल हा रोजचा शब्द आहे. मोहिमेआधी जमीन वाळूत उठवायची, रंगवलेल्या भुशाने झाडी दाखवायची, फितीने रस्ते. इथल्या घराघरांतून माणसे सैन्यात गेलेली असल्यामुळे आंबोलीत हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. ज्यांच्या घरात कोणी सैन्यात नाही त्यांना तरी ते नवे कुठे आहे? दिवाळीचा किल्ला दुसरे काय असतो? दगड रचायचे, वर भिजवलेले गोणपाट टाकायचे, तांबड्या मातीचा चिखल थापायचा, आळीव पेरून चार दिवसांत हिरवळ आणायची, आणि मावळे कुठे उभे करायचे यावरून भांडायचे. बेळगाव तर यासाठी नावाजलेले. हा आपला राइसवित्झ. फक्त त्याला कोणी खेळाचे नियम लिहून दिले नाहीत.

किल्ला बांधणारी पोरे प्रमाणाचा नियम सर्रास मोडतात आणि ते बरोबर करतात. वेंगुर्ल्यापासून आंबोली सरळ रेषेत सुमारे ४० किलोमीटर. पन्नास हजारी प्रमाणात ही जमीन मातीत उठवली तर लांबी भरेल ८० सेंटिमीटर आणि आंबोलीची उंची जेमतेम १.४. ज्या घाटाने पिढ्यान्‌पिढ्या बैलांचा दम काढला तो दीड बोटाचाही नाही! राइसवित्झच्या आठ हजारी प्रमाणातही साडेआठ सेंटिमीटरच. म्हणून मॉडेल करणारे सगळेच उंची दुप्पट, चौपट, कधी दहापट वाढवतात. चढणाऱ्या माणसाला घाट वाटतो तेवढा उंच दिसावा यासाठी खोटे बोलावे लागते, आणि हे खोटे किती पटींचे आहे ते कोपऱ्यात लिहून ठेवले की प्रामाणिकपणाही सुटत नाही.

या मुलखात नकाशावरचा आराखडा आणि जमीन यांची शेवटची मोठी गाठ डिसेंबर १९६१ मध्ये पडली. गोव्यात शिरणाऱ्या भारतीय सैन्याचा मुख्य लोंढा १७ व्या पायदळ डिव्हिजनचा होता. ५० व्या पॅरा ब्रिगेडने उत्तरेकडून, दोडामार्गच्या बाजूने, नुसती मदत करायची होती. सुरुंग, रस्त्यावरचे अडथळे आणि चार नद्या ओलांडत पणजीला आधी पोहोचली ती हीच मदतनीस ब्रिगेड. एखाद्या पंचाने कोष्टक काढून हा डाव आधी खेळवला असता तर चार नद्यांचे चार दंड तिच्या माथी बसले असते.

आंबोलीपुरता मात्र कोणत्याच नकाशाने न सोडवलेला प्रश्न पावसाचा आहे. वर्षाला सरासरी साडेसात हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गावात नकाशावरची दृष्टिरेषा जुलैत निरर्थक होते. महादेवगडावरून पायथ्यापर्यंत दृष्टी जाते, हे कागदावर सिद्ध करता येईल; प्रत्यक्षात त्या दिवसांत कठड्याला हात लावून उभा असलेला माणूस कठड्यापलीकडे पांढऱ्याशिवाय काही पाहत नाही. व्हाळ फुगतात, घाटात दरड उतरते, जी वाट नकाशात दुहेरी रेघेने आहे ती दोन दिवस नसतेच. वेंगुर्ला बंदरातून बेळगावच्या छावणीला रसद पुरवण्याची वाट या घाटातून गेली तेव्हापासून हे घाट सांभाळणाऱ्यांना ठाऊक आहे. नकाशाला महिना नसतो. खेळाच्या पंचाने तो विचारला पाहिजे.

राहिला प्रश्न हे नकाशे आपल्या हाती असण्याचा. सीमेपासून आणि किनाऱ्यापासून सुमारे ८० किलोमीटरांच्या पट्ट्यातली पत्रके अनेक दशके निर्बंधात होती. सगळा सिंधुदुर्ग त्या पट्ट्यात येतो, म्हणजे आंबोलीच्या शाळेला आंबोलीचा नकाशा सहज मिळत नव्हता आणि भूगोलाच्या तासाला भलत्याच गावाच्या समोच्च रेषा मोजाव्या लागत होत्या. २००५ च्या धोरणाने लष्करासाठी वेगळी आणि लोकांसाठी वेगळी अशा दोन मालिका केल्या, २०१७ मध्ये लोकांची पत्रके संकेतस्थळावरून उतरवून घेता येऊ लागली, आणि फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी उरलेसुरले बरेचसे अडसर काढले. निर्बंधामागचे कारण आम्ही हसण्यावारी नेत नाही. जो कागद तोफेला वाट दाखवतो तो शत्रूच्या तोफेलाही दाखवतो. पण आकाशातून उपग्रह रोज घाटाचे फोटो काढत असताना घाटातल्या पोरांना तेवढे अडवण्यात अर्थ राहिला नव्हता. आता अडचण परवानगीची नाही, वापराची आहे. जिल्हा परिषदेने किनाऱ्यावरच्या आणि घाटमाथ्यावरच्या प्रत्येक माध्यमिक शाळेला तिच्या परिसराची पत्रके मोठ्या आकारात छापून द्यावीत. खर्च एका स्नेहसंमेलनाच्या मांडवाइतकाही येणार नाही. आणि दिवाळीच्या किल्ल्याच्या स्पर्धेत एक गट असा ठेवावा, ज्यात पोरांनी पत्रकावरून आपल्याच गावचा डोंगर उठवायचा, उंची किती पट वाढवली ते लिहायचे, आणि मग दोन बाजू करून खेळायचे. पंच म्हणून रानात फिरलेला गावचा म्हातारा बसवावा. तो पहिला प्रश्न विचारील, महिना कोणता? दुसरा, पायात काय आहे?

आंबोलीच्या पोरांना त्याआधी चार पत्रके जोडावी लागतील. तांदळाच्या खळीने ती छान चिकटतात, पण दमट हवेत कागद सारखा आकसत नाही. सोळाव्या अक्षांशावर दोऱ्याएवढी फट राहते, खालची तपकिरी रेषा वरच्या रेषेला नेमकी भिडत नाही. आंबोलीहून मनोहरगडाकडे निघालेल्या कोणत्याही वाटेला ती फट ओलांडावी लागते. तेवढा तुकडा पेन्सिलीने काढायचा, आणि तो कसा वळतो ते म्हाताऱ्याला विचारायचे.